नंबर लागला

तुमची तारीख जानेवारी २००६ची आहे. जन्माची नव्हे, रांगेत उभं राहिल्याची. वॉशिंग्टनहून दर महिन्याला एक तक्ता निघतो. त्याला व्हिसा बुलेटिन म्हणतात. त्यात ‘एफ-४’ अशी एक ओळ असते, अमेरिकन नागरिकांच्या भावाबहिणींची. त्या ओळीत भारताच्या रकान्यात एक तारीख छापलेली असते. तुमची तारीख तिच्या आधीची असली तर नंबर लागला. नंतरची असली तर पुढच्या महिन्यात या. २०२५ साली भारताच्या रकान्यात २००६ सालच चालू होतं. चीनचा रकाना थोडा पुढे होता, मेक्सिकोचा अजून २००१मध्येच. कधीकधी तारीख मागेही सरकते. तेव्हा काळातून मागेपुढे जायला तुम्हाला कुठल्याही यंत्राची गरज नाही. तक्ता उघडा आणि चला.

पहिला मुक्काम कोकणातलं मिठबाव, जानेवारी २००६.

थंडी पडलीय. खळ्यात उभं राहिलं की समुद्राचा आवाज येतो आणि त्याच्यासोबत फवारणीच्या पंपाची घरघर. हापूसला मोहोर बरा आहे, म्हणून सगळं देवगड जरा खुशीत आहे. तुम्ही सकाळी बागेतून फिरून आलाय, पायांना दव आणि लाल माती लागलीय, आणि पडवीतला फोन वाजतो. रविवारची सकाळ म्हणजे न्यू जर्सीत शनिवारची रात्र, म्हणजे दादाच.

दादा म्हणतो, “मी नागरिक झालो रे. आता तुझा अर्ज टाकतो. तुझा, तुझ्या बायकोचा आणि पोरांचा.”

“किती दिवस लागतील?”

“दहा-अकरा वर्षं म्हणतायत.”

तुम्ही हसता. दहा-अकरा वर्षांनी थोरला पंचविशीत असेल. आत्ता तो चौदाव्या वर्षात आहे आणि शाळेच्या वाटेवर चिंचा पाडतो. धाकटी सात वर्षांची. अर्जाची फी १९० डॉलर, त्या वेळच्या भावाने साडेआठ हजारांच्या आसपास. तेवढ्यात चार जणांची अमेरिका येत असेल तर नको कशाला म्हणा!

पण अर्जाला पुरावा हवा. तुम्ही दोघे एका आईबापाचे आहात हे कागदावर दिसायला हवं, आणि इथे तुम्ही अडकता. तुमचा जन्म माजघरात, सुईणीच्या हातून झालेला. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात तुमचं नाव नाही. शाळेच्या दाखल्यावर तुमची जन्मतारीख १ जून १९६४, दादाची १ जून १९६१. महाराष्ट्रातल्या त्या पिढीतले निम्मे लोक १ जूनला जन्मल्यासारखे वाटतात, त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. पोर शाळेत आणून बसवलं की मास्तर अंदाजाने वर्ष धरायचे आणि तारीख सोयीची लिहायचे. ही सोयीची तारीख आता साता समुद्रापलीकडचा अधिकारी चष्म्यातून बघणार. ग्रामपंचायत ‘नोंद आढळून येत नाही’ असा दाखला देते. मग गावातल्या दोन म्हाताऱ्यांना एसटीने देवगडला नेऊन, चहा-भजी खायला घालून, त्यांच्याकडून प्रतिज्ञापत्र करून घ्यावं लागतं, की होय, हे दोघे सख्खे भाऊ, आमच्या डोळ्यांदेखत वाढले. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं, तिसऱ्यावर नुसतंच लाडाचं. त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र.

आईला हे सगळं बघून गंमत वाटते. “तुम्ही दोघे भाव म्हणान माका कागद दाखवूचो लागता?” ती विचारते.

कागद दाखवावा लागतोच. तो का लागतो हे बघायचं तर आणखी मागे जायला हवं. डोळे मिटू नका, पायऱ्या बघून चढा.

जून १८८३. न्यूयॉर्कच्या धक्क्यावर नऊवारीतली एक अठरा वर्षांची मुलगी उतरते. आनंदीबाई जोशी. कलकत्त्याहून निघून तिला दोन महिने होत आले आहेत. तिला न्यायला न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई येतात. व्हिसा कुणी विचारत नाही, कारण तशी चीज अजून जन्मालाच आलेली नाही. तुम्ही गर्दीत उभे राहून बघता आणि हेवा करता. पण तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या चिनी माणसाला विचारा. वर्षभरापूर्वी, मे १८८२मध्ये, याच देशाने चिनी मजुरांना बंदी करणारा कायदा केलाय. ज्यांनी रेल्वे बांधली त्यांच्याच भाऊबंदांना दार बंद. आनंदीबाई सुटल्या, कारण बंदी चिन्यांवर होती आणि आपल्याकडचं कुणी तिकडे फारसं जातच नव्हतं. त्याच १८८२च्या ऑगस्टमध्ये आणखी एक कायदा झाला. जो माणूस सरकारवर बोजा होईल असं वाटतं त्याला उतरू देऊ नये. हे कलम लक्षात ठेवा, ते तुम्हाला पुन्हा भेटणार आहे.

आता खंड ओलांडून पश्चिम किनाऱ्यावर या. १९१२. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे. १९१०पासून इथे आशियातून येणाऱ्यांना उतरवतात. लाकडी इमारत, दोन-तीन मजली खाटा, खिडक्यांना जाळ्या. भिंतींवर चिनी अक्षरं कोरलेली. त्या कविता आहेत, कोंडून ठेवलेल्या लोकांनी चाकूच्या टोकाने लिहिलेल्या. तुम्ही त्यातल्याच एका खाटेवर बसता. ही जागा फक्त चिन्यांची नाही. जपानी, कोरियन, रशियन आणि पंजाबी शेतकरी सगळे इथे येऊन गेले. पोटात जंत सापडले म्हणून परत पाठवलेले हिंदुस्थानी इथे बरेच.

तुमच्या शेजारी ताइशानकडचा एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आहे. रात्री तो पुटपुटत असतो. तुम्हाला वाटतं स्तोत्र म्हणतोय, पण तो स्वतःचं घर पाठ करतोय.

गोष्ट अशी, की १९०६च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला, आग लागली आणि नगरपालिकेतल्या जन्माच्या नोंदी जळून गेल्या. त्याआधी १८९८मध्ये वोंग किम आर्क नावाच्या स्वयंपाक्याने सुप्रीम कोर्टापर्यंत भांडून निकाल मिळवला होता, की अमेरिकेच्या भूमीवर जन्मलेला चिनी मुलगाही अमेरिकन नागरिक. नोंदी जळाल्यावर अनेक चिनी पुढे आले आणि म्हणाले, आम्ही इथलेच, आमचा कागद जळाला. नागरिकाची परदेशात जन्मलेली मुलंही नागरिक. मग त्या नागरिकाने गावी जाऊन यायचं, परत येताना सांगायचं की मला मुलगा झाला. पुढे ती मुलाची जागा कुणाच्या तरी खऱ्या मुलाला, पुतण्याला, शेजाऱ्याला विकायची. अशा मुलांना ‘पेपर सन’ म्हणत, कागदी मुलगे. अमेरिकन सरकारला हे माहीत होतं. म्हणून मग परीक्षा.

तुम्हाला खोलीत बोलावतात. टेबलामागे अधिकारी, बाजूला दुभाषा, एक जण टंकलेखन करतोय.

“घराला पायऱ्या किती?”

“चार.” की पाच? पावसाळ्यात खालची चिखलात जाते.

“तांदळाची कणगी कुठल्या खोलीत? दाराच्या डावीकडे की उजवीकडे?”

“विहिरीपर्यंत पावलं किती? विहिरीला कठडा आहे?”

“दुसऱ्या ओळीतल्या तिसऱ्या घरात कोण राहतं? त्याला मुलगे किती? त्यातला मधला कुठे असतो?”

या प्रश्नावर तुम्ही गडबडता. ताइशानच्या गावांत घरं ओळीने असतात, मिठबावात ओळ कसली? इथे वाड्या आहेत. एक घर बागेत, दुसरं उतारावर, तिसरं व्हाळापलीकडे. पण अधिकाऱ्याच्या यादीत ‘ओळ’ आहे, म्हणजे ओळ असायलाच हवी. हेच प्रश्न तुमच्या भावाला दुसऱ्या खोलीत विचारलेत. त्याने पाच सांगितल्या आणि तुम्ही चार, की संपलं. खरे भाऊसुद्धा इथे नापास होतात, कारण आपल्या घराच्या पायऱ्या कुणी मोजत नाही. पायऱ्या मोजून येतो तो खोटा. माझं विचाराल तर त्या काळातली ही सर्वांत क्रूर गोष्ट. खोटं बोलणाऱ्याला पुस्तक मिळायचं, पाठांतराची वहीच असायची, बोट लागायच्या आधी समुद्रात फेकलेली. खऱ्याला काय मिळणार? काही दिवसांत सुटणारे होते, काही महिने, आणि काहींची जवळजवळ दोन वर्षं तिथे गेली.

शेजारचा मुलगा पास होतो. आयुष्यभर आता त्याचं आडनाव दुसऱ्याचं. त्याची मुलं त्या आडनावाने शाळेत जातील. १९५६ साली सरकार कबुलीची योजना काढेल, खरं सांगा, आम्ही सांभाळून घेऊ, आणि एकाने कबूल केलं की त्याच्या कागदी भावांचे, कागदी बापाचे, कागदी काकांचे कागद आपोआप उघडे पडतील. कित्येक घरांत म्हातारे मरेपर्यंत नातवंडांना खरं आडनाव कळलं नाही.

इथून भराभर चला, वाट लांब आहे. १९१७मध्ये कायदा नकाशावर रेघ मारतो आणि हिंदुस्थानसकट आशियाचा मोठा भाग बंद करतो. ज्या दाराबाहेर चिनी उभे होते त्याच दाराबाहेर आता तुम्हीही. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्ट ठरवतं, की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर सरकार आधी दिलेलं नागरिकत्वही परत घ्यायला लागतं.

थिंड यांच्या वकिलाचं नाव ऐकून तुम्ही वळून बघता. सखाराम गणेश पंडित. लॉस एंजेलिसला १९१४ साली नागरिक झालेले, मग वकील झालेले. अशील हरला आणि सरकारने मोर्चा वकिलाकडेच वळवला. पंडित कोर्टात आपल्या रंगावर वाद घालत बसत नाहीत. त्यांचा मुद्दा वेगळा आहे. या नागरिकत्वावर विसंबून मी वकिली उभी केली, लग्न केलं, आता ते काढून घेतलंत तर माझ्या अमेरिकन बायकोचं नागरिकत्वही जाईल, कारण नागरिक होऊ न शकणाऱ्याशी लग्न केलेल्या बाईचं नागरिकत्व काढणारा तुमचाच कायदा आहे. १९२६मध्ये अपील कोर्ट त्यांच्या बाजूने निकाल देतं. एकदा दिलेला निवाडा पक्का, तो मागाहून उकरता येणार नाही. १९२७मध्ये सुप्रीम कोर्ट सरकारचं अपील ऐकायलाच नकार देतं. आपल्याकडच्या शाळेत हे नाव कुणी शिकवत नाही. शिकवायला हवं.

१९४३ साली, महायुद्धात चीन मित्र झाल्यावर, चिन्यांची बंदी उठते. वर्षाला जागा १०५. १९४६ला हिंदुस्थानी लोकांसाठी दार किलकिलं होतं. वर्षाला १००. चाळीस कोटींच्या देशासाठी शंभर. गाबितवाड्यात एका रापणीचं जाळं ओढायलाच एवढी माणसं लागत असतील.

मग ३ ऑक्टोबर १९६५. तुम्ही न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी उभे आहात आणि अध्यक्ष जॉन्सन नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही करतायत. जुना देशवार कोटा मोडला. नव्या यादीत सर्वांत मोठा वाटा, २४ टक्के, भावाबहिणींना. या मेहेरबानीमागे ओहायोचे खासदार मायकेल फीघन आहेत, आणि त्यांना तुमचा कळवळा आलेला नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. कुटुंबाला प्राधान्य दिलं की जे आधीपासून इथे आहेत त्यांचेच नातेवाईक येतील, म्हणजे युरोपचे गोरे. आशियातले आहेतच किती, त्यांचे भाऊ येऊन येऊन किती येणार? हिशेब साफ चुकला. आधी आपले डॉक्टर गेले, मग इंजिनिअर, मग त्यांनी बहिणी बोलावल्या, भाऊ बोलावले. दादाचा अर्ज हा फीघनसाहेबांच्या चुकीचा नातू. १९९०मध्ये आकडे पुन्हा ठरले. भावंडांच्या वर्गाला वर्षाला ६५,००० जागा, आणि कुठल्याही एका देशाला एकूण कौटुंबिक व नोकरीच्या व्हिसांतले ७ टक्केच. आइसलँडलाही सात, भारतालाही सात.

पुन्हा २००६. पावती आली, तुम्ही ती देवघरातल्या फडताळात सातबाऱ्याच्या बाजूला ठेवली. हा शेजार बघून घ्या. सातबारा उलगडला तर आजोबांच्या भावांपासून नावं लागलेली. मुंबईत वारलेले, बडोद्याला गेलेले, बेचाळीस साली घर सोडून गेलेले ते परतलेच नाहीत, त्यांच्याही पोरांची वारस नोंद. सामाईक खातं. बागेत दोन फणस लावायचे म्हटलं तरी चुलत्यांना विचारावं लागतं. या कागदाने किती भांडणं लावली, कोकणातल्या माणसाला सांगायला नको. तरी त्यातून नाव सहसा गळत नाही, वाढतच जातं.

दुसरा कागद उलटा चालतो.

आईचं काम लवकर झालं. नागरिकाची आई म्हणजे जवळची नातेवाईक, तिला रांग नाही, आकड्यांची मर्यादा नाही. २००७मध्ये ती गेली. एक थंडी काढली, दुसरी सोसवेना. “थंय माका हाक मारूक कोण नाय,” म्हणाली आणि आंब्याच्या हंगामात जी आली ती गेली नाही. ग्रीनकार्ड घेऊन वर्षभराहून जास्त बाहेर राहिलं की ते कार्ड गेल्यातच जमा. तिने त्यावर विमानाच्या तिकिटाएवढाही विचार केला नाही.

तुमची रांग मात्र मुंगीच्या पावलाने. थोरला बारावी झाला, कृषी पदविका घेऊन बागेत उतरला. २०१३मध्ये अमेरिकन सिनेटने एक मोठा विधेयकगठ्ठा मंजूर केला, त्यात भावंडांचा वर्गच बंद करायचं कलम होतं. पुढे ते विधेयक मेलं. २०१७मध्ये तसंच आणखी एक आलं, तेही बारगळलं. दोन्ही वेळा दादाचा फोन आला, दोन्ही वेळा तुम्ही म्हणालात, “बघू.” वाडीतली आते प्रत्येक गणपतीत विचारायची, “नंबर लागलो काय रे?”

याच काळात, तुमच्या नकळत, अमेरिकेत एका चिनी घराने तुमचा निकाल आधीच लावून घेतला होता. ते घर बघायला १९९२मध्ये जाऊ.

डिसेंबर महिना. अमेरिकेत नागरिक झालेली एक बहीण चीनमधल्या भावासाठी अर्ज करते. दादाने केला तोच अर्ज, तोच वर्ग. भावाची मुलगी दहा वर्षांची. नंबर लागायला २००५ उजाडतं. तोवर मुलगी बावीसची. कायद्यात ‘मूल’ म्हणजे अविवाहित आणि एकवीसच्या आतलं. बाप-आई जातात, मुलगी मागे राहते. २००२मध्ये असा एक कायदा झाला होता, की सरकारी दिरंगाईपायी मुलं वयाने बाद होऊ नयेत. अर्ज टेबलावर पडून होता तेवढे दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे. पण ही वजाबाकी अर्ज मंजूर होईपर्यंतच्या काळाची, त्यानंतर रांगेत गेलेल्या वर्षांची नाही. २००६मध्ये बाप मुलीसाठी वेगळा अर्ज करतो आणि म्हणतो, आमची १९९२ची तारीख तिला द्या. ती तेव्हापासून आमच्याबरोबर रांगेत उभी आहे. २००९मध्ये इमिग्रेशनच्या अपील मंडळाने नाही म्हटलं. वकिलांच्या पुस्तकांत हा निवाडा ‘वांग’ या आडनावाने आहे. पुढे २०१४मध्ये अशाच दुसऱ्या घरांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि पाच विरुद्ध चार मतांनी तेच कायम झालं.

कारण वाचाल तर ते कायद्याच्या दृष्टीने साधं आहे. मूळ अर्ज आत्याने केला होता. भाची एकवीस वर्षांची झाल्यावर तिची तारीख कुठल्या वर्गात न्यायची? आत्या भाचीसाठी अर्ज करू शकेल असा वर्गच नाही. काका-पुतणी हेही नातं त्या कायद्यात नाही. बाप, आई, नवरा, बायको, मूल, भावंड. इथे कुटुंब संपलं. तुम्ही हे वाचता आणि धाकटीला दुचाकी चालवायला कुणी शिकवलं, तिच्या कॉलेजची फी कुणी पाठवली ते आठवता. दादाने. पण दादा तिचा कुणी लागत नाही.

आता जुलै २०२५. नंबर लागला.

मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुल, पावसाची झोड. २०११च्या नोव्हेंबरपर्यंत अमेरिकन वकिलात ब्रीच कँडीला होती, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात, आणि लोक पहाटेपासून फुटपाथवर फायली कवटाळून उभे राहायचे. दादा १९९६मध्ये त्याच फुटपाथवर उभा होता. आता काचा आहेत, वेळेची पावती आहे, मोबाइल बाहेर ठेवायची तजवीज आहे. फाइल मात्र तीच, फक्त जाड झालीय. डीएस-२६० भरला, पोलिसांचा दाखला आला, छातीचा एक्स-रे झाला, ग्रामपंचायतीचा पिवळा पडलेला ‘आढळून येत नाही’ही आहे. वर दादाचं हमीपत्र, की माझं उत्पन्न सरकारने ठरवलेल्या दारिद्र्यरेषेच्या सव्वापट आहे, हे दोघे सरकारवर बोजा होणार नाहीत. १८८२चं कलम, म्हटलं होतं ना भेटेल म्हणून. फक्त आता हमी द्यायला दादा स्वतः चौसष्ट वर्षांचा आहे, आणि त्याने नुसती हमी देऊन भागत नव्हतं, एकोणीस वर्षं त्याला जिवंतही राहावं लागलं. अर्जदार मेला की बहुधा अर्जही मेला.

खिडकीपलीकडची मुलगी तुमच्या धाकटीच्या वयाची असेल. हिंदीत विचारते. भाऊ काय करतो? शेवटचा कधी भेटला? लहानपणी कुठे राहायचात? तुम्ही घर सांगायला लागता. चिरेबंदी, पुढे खळं, खळ्यात तुळस, पायऱ्या चार, पावसात तीन. ती हसते. तिला पायऱ्या नकोत. डीएनए चाचणी आहे हल्ली, संशय आलाच तर ती सांगतील. तुमच्यावर संशय नाही.

“आणि मुलं?”

थोरला तेहतीसचा, लग्न झालेला. तो अर्जातून केव्हाच गळला. धाकटी सत्तावीसची. अर्ज मंजूर व्हायला लागलेली तीन वर्षं वजा केली तरी चोवीस. चार माणसांचा अर्ज, व्हिसा दोन.

बाहेर छत्र्यांच्या गर्दीत टीव्हीवाले उभे आहेत, दुसऱ्याच कुठल्या बातमीसाठी. यंदा २० जानेवारीला वॉशिंग्टनमधून हुकूम निघाला, की आईबापांपैकी कुणीच नागरिक किंवा ग्रीनकार्डवालं नसेल तर अमेरिकेत जन्मलेलं मूल नागरिक नाही. तो लगेच कोर्टात अडकला आणि वकिलांच्या तोंडी पुन्हा त्या स्वयंपाक्याचं नाव आलं, वोंग किम आर्क. एच-१बीवरच्या आपल्या पोरांच्या घरांत सध्या हेच बोलणं. चिनी माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी जिंकलेल्या निकालावर मराठी घरातली बाळंतपणं टेकली आहेत.

कोकणकन्येने कणकवली, तिथून एसटी. घरी आल्यावर पहिला प्रश्न आतेचा. ती आता नव्वदीला आलीय. “आणि थंयसर गेल्यार आंबो कोण राखतलो?”

प्रश्न बरोबर आहे. व्हिसा सहा महिन्यांचा, त्याच्या आत पाय ठेवायला हवा. ऑगस्टमध्ये मोहोरासाठी झाडांना कल्टार घालायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात मोहोर, म्हणजे फवारण्या, थ्रिप्स, तुडतुडे. फेब्रुवारीपासून वानरांची राखण. मार्च ते मे झेला, पेट्या, वाशीचा भाव. ग्रीनकार्डवाल्याने सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर विमानतळावर प्रश्न सुरू होतात, वर्षाच्या वर गेलं तर आईसारखं. तुम्ही कॅलेंडरवर पेन्सिलने रेघा मारता. सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे. पण अधिकारी नुसते दिवस मोजत नाही, तुमचं घर खरं कुठे ते विचारतो. यावर तुम्ही खोटं कसं बोलणार?

पाच वर्षांनी नागरिक झालात तर भारताचा पासपोर्ट परत. मग ओसीआय कार्ड. वारसाहक्काने आलेली बाग ठेवता येते. शेजारची बाग विकायला निघाली तर घेता येत नाही, ओसीआयवाल्याला शेतजमीन खरेदी बंद. विकायची झाली तर इथे राहणाऱ्या भारतीयालाच. दादाचं नाव सातबाऱ्यावर आहे ते असंच, वाडवडिलांचं म्हणून. थोरला म्हणतो, “माझी काळजी करू नका, मला बाग आहे.” त्याच्या तोंडावर नाराजी शोधायचा तुम्ही प्रयत्न करता, पण त्याचं लक्ष आकाशाकडे आहे. पाऊस उघडला की कल्टार.

धाकटीचं कठीण. तुम्ही तिकडे पोचल्याबरोबर ग्रीनकार्डवाल्याची अविवाहित मुलगी म्हणून तिचा अर्ज टाकता येईल. एफ-२बी. त्या ओळीत सध्या २०१६ चालू आहे, म्हणजे नऊएक वर्षं. अट एकच. तिने लग्न करायचं नाही. तुम्ही नागरिक व्हायच्या आधी तिने लग्न केलं तर अर्ज रद्द, कारण ग्रीनकार्डवाल्याच्या विवाहित मुलीसाठी वर्ग नाही. नागरिक झाल्यावर केलं तर वेगळी रांग, एफ-३. तिथे २०१०-११ चालू आहे. तुम्ही वहीत मांडता, तेव्हा ती छत्तीसची, नाहीतर चाळिशीपार. इकडे कुडाळचं एक स्थळ आलंय, मुलगा सावंतवाडीला बँकेत. पत्रिका जमते.

तुम्ही वही तिच्यापुढे सरकवता. ती सगळे आकडे शांतपणे वाचते. फिजिओथेरपिस्ट आहे ती, मालवणला स्वतःचं क्लिनिक टाकायच्या बेतात.

“बाबा, हे म्हणजे माझ्या लग्नाचा मुहूर्त वॉशिंग्टनच्या तक्त्यावरून काढायचा?”

“तसं नाही…”

“तसंच आहे. अर्ज टाका हवा तर. पण रविवारी त्या कुडाळवाल्यांना येऊ दे.” आणि ती वही मिटून आईला विचारते, रविवारी सुरमई मिळेल का, की त्यांचं शाकाहारी आहे?

रात्री दादाचा फोन. आवाज थकलेला, पण आनंदात आहे. एकोणीस वर्षं सांभाळलेला अर्ज फळला. वहिनीने खोली लावून ठेवलीय, गादी नवी घेतलीय. सप्टेंबरची तिकिटं स्वस्त आहेत म्हणतो.

“किती काढू? दोनच ना?”

“दोनच,” तुम्ही म्हणता. “आणि परतीची पण काढ. नोव्हेंबर संपायच्या आत. मोहोर यायच्या आधी मला इथे पोचायला हवं.”

पलीकडे थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग दादा विचारतो, “यंदा पाऊस कसा आहे रे?”

“बरा आहे,” तुम्ही सांगता, आणि फवारणीच्या औषधांचे भाव सांगायला लागता.